चौतीस नंबरचं अर्धुक

गुरुवार उजाडला की शहागंजातून हर्सूलकडे जाणाऱ्या टांग्यांत पाय ठेवायला जागा उरत नसे. पोलीस अॅक्शनला सात वर्षं होत आली होती. निजामाचं राज्य जाऊन लोकांचं राज्य आलं होतं, आणि तेच लोक आठवड्यातून एक दिवस तलावाच्या बांधाखालच्या पत्र्याच्या छपरात जाऊन एका म्हशीच्या शिंगापुढे पोट उघडं करून आडवे होत होते. पिशोरहून बैलगाड्या येत, वैजापूरहून मोटारीनं माणसं येत. पोटात खडा असलेली येतच, पण नसलेलीही येत, कारण दुसऱ्याच्या पोटातला खडा बाहेर पडताना बघण्यातही पुण्य असतं असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. पुण्याबरोबर भजीही मिळत.

बाबांचं नाव शिंगीबाबा. अंगात भगवी कफनी, डोक्याला हिरवा रुमाल, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि तिच्या शेजारीच फकिराची जपमाळ, तसबीह. आलेल्या कुठल्याही माणसाची अडचण होऊ नये असा एकूण बेत. हातात काळं शिंग, टोकाला भोक पाडलेलं. अंग दुखलं की तुंबडी लावणाऱ्या बायका वापरतात तसलंच. फरक एवढाच, की त्या बायका कातडीखालचं रक्त ओढत आणि बाबा मूत्राशयातला खडा ओढत.

"डॉक्टर का कापतो?" बाबा गर्दीला विचारीत. "त्याला आतलं दिसत नाही म्हणून कापतो. आपल्याला दिसतं. दार न मोडता चोर बाहेर काढायचा, याला इलम म्हणतात, बच्चा."

मग ते थंड पाण्याचा तांब्या शिंगात ओतीत. पाणी टोकाच्या भोकातून खाली पडे. शिंग रिकामं आहे हे सगळे बघत. शिंगाचं रुंद तोंड रोग्याच्या ओटीपोटावर, टोक बाबांच्या तोंडात. गालफडं आत जात, मानेच्या शिरा ताठ होत, डोळे बाहेर येत. बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहत. शेवटी बाबा धापा टाकत शिंग उचलीत आणि शेगडीवरच्या किटलीतलं कढत पाणी त्यात ओतीत. "आंघोळ घाला त्याला. अंधारातून आलाय बिचारा." शिंग हलवून ते पितळी परातीवर उपडं केलं की टण्ण करून खडा पडे. खरा खडा, पण अर्धाच.

"आधा मालिकचा, आधा बंद्याचा," बाबा सांगत. "वर ओढताना अर्धा तोच ठेवून घेतो."

परातीतला खडा फार वेळ कुणाच्या हाती राहत नसे. त्याची सपाट बाजू मेणानं माखलेली असे. ती बाजू बाबा लगेच तांब्याच्या चकतीवर दाबून बसवीत आणि लाल कापडात गुंडाळून रोग्याच्या दंडाला बांधीत. गोल बाजू उघडी, सपाट बाजू झाकलेली. चकती काढली तर खडा परत पोटात उगवेल, अशी ताकीद.

त्या गुरुवारी द्वारकाबाई पोहोचली तेव्हा टण्ण झालेलं होतं. दवाखान्याची पांढरी साडी तशीच अंगावर ठेवून ती टांग्यातून उतरली, बांधावरून जवळजवळ पळतच खाली आली, आणि गर्दीतून वाट काढून पुढे गेली तर चटईवर करीमचाचा सदरा खाली ओढत उठून बसत होते. दंडाला लाल कापड. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

"चाचा, हे काय केलंत?"

"निकल गया, बेटी," करीमचाचा हसून म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसत होते. "नक्को वो कापाकापी. देख, पत्थर. असली है."

द्वारकाबाईनं वाकून बघितलं. खडा खरोखरच असली होता. तपकिरी, खरबरीत, पिकल्या तुतीसारखा दाणेदार. आठ वर्षांत असे साठ-सत्तर खडे तिनं ताटलीत झेलले होते, त्यामुळे तिला खोटं बोलायला जागा नव्हती. ती काहीच बोलली नाही. गर्दीनं ते न बोलणं बघितलं आणि बाबांचा जयजयकार केला.

*

करीमचाचा तिच्या नात्याचे नव्हते. हिमरूचं नक्षीदार कापड विणणारा माणूस. वडलांच्या शेजारचं घर. रझाकारांच्या दिवसांत तिच्या वडलांचं, बद्रीनाथ मास्तरांचं नाव यादीत आलं, तेव्हा चाचांनी त्यांना आणि तिच्या धाकट्या भावाला, अठरा वर्षांच्या सांडूला, आपल्या मागाखालच्या खड्ड्यात लपवलं होतं. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. चार दिवस चाचा वर बसून माग चालवत होते आणि त्यांचे पाय खाली दोघांच्या खांद्यांना लागत होते. पुढे पोलीस अॅक्शन झाली, वारं फिरलं, तेव्हा मास्तर चार दिवस चाचांच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले आणि तिथून कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. दोन्ही घरांनी पुन्हा कधी ही गोष्ट काढली नाही. काढायची गरजही पडली नाही.

द्वारकाचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत पटकीनं गेला. मास्तरांनी भाऊबंदांचं न ऐकता तिला हैदराबादला नर्सिंग शिकायला धाडलं. परत आल्यावर ती तात्यासाहेब डॉक्टरांच्या दवाखान्यात लागली, आणि मागून तिनंच शब्द टाकून सांडूला तिथे ड्रेसर म्हणून लावलं.

तात्यासाहेब मोठे नादिष्ट. या मुलखात मूत्राशयाचे खडे एवढे का होतात, याचा त्यांनी ध्यासच घेतला होता. रोगी कुठल्या गावचा, कुठल्या विहिरीचं पाणी पितो, ज्वारी खातो की बाजरी, दूध पोटात जातं की नाही, सगळं वहीत. काढलेला खडा सराफ्यातून आणलेल्या सोनाराच्या करवतीनं ते स्वतः मधोमध कापत. आत वलयांवर वलयं निघत, आणि खडा कशाभोवती धरला तेही मधोमध दिसे. एका अर्ध्यावर काळ्या शाईनं नंबर घालून तो कपाटात ठेवत. दुसरा अर्धा रोग्याचा, कारण पहिल्याच वर्षी एका म्हातारीनं ठणकावून विचारलं होतं, "माझ्या अंगातलं माझं नाय का?" ते डॉक्टरांना पटलं. रोग्याला नको असेल तर ते अर्धुक मागच्या कडुनिंबाखाली पुरायचं, हा नियम. नेऊन द्यायचं आणि पुरायचं काम सांडूकडे होतं.

शिंगीबाबांच्या बोलबाल्यात या सरळ माणसाचाही हात होता. पिशोरचा कडूबा नावाचा एक शेतकरी दंडावरचा खडा घेऊन दवाखान्याच्या दारात आला होता आणि त्यानं चारचौघांत विचारलं होतं, "साहेब, खरा हाय का खोटा, तेवढं बोला." तात्यासाहेबांनी भिंग लावून गोल बाजू बघितली आणि जे दिसलं ते बोलले. "खडा माणसाचाच आहे." पुढचं विचारायच्या आत कडूबा गेला. तेव्हापासून बाबा प्रत्येक गुरुवारी सांगत, की शहागंजचा मोठा डॉक्टर भिंगातून बघून मान्य करून बसलाय.

द्वारकाबाई हर्सूलहून परतली आणि तिनं बघितलेलं सगळं सांगितलं, तेव्हा तात्यासाहेबांनी वहीतलं चाचांचं पान काढलं.

"करीमभाईंचा फोटो माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "सरकारी दवाखान्यातून काढून आणलेला. त्यात लिंबाएवढा खडा दिसतो. आता दुसरा फोटो काढू. खडा गेला असेल तर मी स्वतः जाऊन त्या शिंगाच्या पाया पडेन."

पण चाचा फोटोला येईनात. त्यांना बरं वाटत होतं. सगीराचाची सांगत होत्या, रात्री उठावं लागत नाही, कण्हणं थांबलंय. द्वारकाबाईनं सांडूला गळ घातली, "तुझं ऐकतील ते. तू समजाव."

"समजावतो की, अक्का," सांडू म्हणाला, आणि पट्ट्या गुंडाळत राहिला.

*

अठरा दिवसांनी सगीराचाचींनी चाचांना टांग्यात घालून आणलं. लघवी दोन दिवस बंद, अंगात ताप, पोट फुगलेलं. तात्यासाहेबांनी आधी रबरी नळी घालून कोंडलेलं मोकळं केलं. मग फोटो काढून आणला आणि दोन्ही फोटो खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. तोच खडा, तेवढाच, कुठे टवकाही उडालेला नाही.

"मग मधे बरं कसं वाटलं त्यांना?" द्वारकाबाईनं विचारलं.

"खडा पिशवीत मोकळा असतो, बाई. लघवीच्या वाटेवर येऊन बसला की जीव जातो, बाजूला घरंगळला की बरं वाटतं. कुणीतरी पोटावर दाबलं, आडवं केलं, खडा हलला. शिवाय भीती गेली, की निम्मं दुखणं जातं. बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नव्हे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं." मग ते हळू आवाजात म्हणाले, "मीच सांगायला हवं होतं. त्या कडूबाला एक वाक्य खरं सांगितलं आणि दुसरं पोटातच ठेवलं."

ऑपरेशनला नेताना रोग्याच्या अंगावर दोरा, गंडा, ताईत काहीही ठेवायचं नाही, हा द्वारकाबाईचा शिरस्ता. पण ती कुणाच्या श्रद्धेचं हसू करत नसे. काढलेलं सगळं वाटीत घालायचं, वाटीवर नाव, आणि शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तेच हातात द्यायचं. तिनं चाचांच्या दंडाचं लाल कापड सोडलं, चकती वाटीत ठेवली आणि वाटी घाईत फळीवर सरकवली. खाली हत्यारं उकळण्याची पेटी होती. झाकणाच्या फटीतून वाफ येत होती.

कमरेत इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी पोट उघडलं. द्वारकाबाई चिमटे देत होती. एक चिमटा घ्यायला ती फळीकडे वळली आणि तिची नजर वाटीत गेली. वाफेनं मेण पातळ झालं होतं. खडा चकतीवरून घसरून पालथा पडला होता, सपाट बाजू वर.

सपाट बाजूच्या बरोबर मध्यावर एक पायरी होती. नखाएवढी, आडवी.

ही पायरी तिनं चार वर्षांपूर्वी बघितली होती. डॉक्टर कापत असताना करवतीचं पातं मधेच तुटलं होतं, नवीन पातं घालून त्यांनी पुन्हा सुरुवात केली ती थोडी खालून, आणि कापताना पायरी पडली म्हणून ते स्वतःवरच चिडले होते. खडा चौतीस नंबरचा. रोगी बद्रीनाथ मास्तर, वय एकसष्ट. तिचे वडील.

"बाई, चिमटा," तात्यासाहेब म्हणाले.

तिनं चिमटा दिला. थोड्या वेळानं डॉक्टरांनी चाचांच्या पोटातून खडा काढून ताटलीत ठेवला. पांढरट, गुळगुळीत, अंड्यासारखा, सगळा अखंड. वाटीतल्या तपकिरी अर्धुकाचा आणि त्याचा कणभर संबंध नव्हता.

*

दोन वर्षांपूर्वी नाना, म्हणजे मास्तर, गेले तेव्हा ते अर्धुक द्वारकानं स्वतःच्या हातानं अस्थींच्या मडक्यात ठेवलं होतं. त्यांच्याच देहाचा भाग, त्यांच्याबरोबर जाऊ दे म्हणून. मडकं घेऊन पैठणला सांडू गेला होता. संध्याकाळी परत येऊन म्हणाला होता, "अक्का, सगळं सोडलं गोदावरीत. पाणी लई संथ होतं." त्या एका वाक्यावर ती दोन वर्षं समाधानानं जगली होती.

तिनं कपाट उघडलं, चौतीस नंबर काढला आणि त्याला वाटीतलं अर्धुक लावलं. पायरीत पायरी बसली. वलयाला वलय मिळालं. मधे केस जाईल एवढीही फट राहिली नाही.

सांडू मागच्या अंगणात कडुनिंबाखाली हंड्यात पट्ट्या उकळत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि जोडलेला खडा तळहातावर धरला. त्यानं बघितलं, आणि काठी हंड्यात तशीच सोडून खाली बसला.

"किती दिलेस?"

"सगळे," तो म्हणाला. "लोक नेत नसत, अक्का. किळस यायची त्यांना. पुरायचेच होते ना."

"आणि नानांचा?"

"तवा नव्हता दिला. राहवलं नाय म्हणून ठेवला होता जवळ, आठवण म्हणून. खरंच. पण त्या आठवड्यात खडे संपले. बाबा म्हणले, शहरातलं मोठं माणूस येणार हाय, रिकामं शिंग कसं दाखवू."

"ते मोठं माणूस म्हणजे चाचा. त्यांना तूच पाठवलंस."

सांडूनं हंड्याखालचं लाकूड आत सारलं.

"कापायला भिऊन ते तुझ्याकडे आले असणार. तू दवाखान्यातला. मी तुला म्हणत होते, समजाव त्यांना."

"मला वाटलं, गुण येईल," सांडू एकदम म्हणाला. "आयशप्पथ. खडा नुसता दाखवायला असतो, अक्का. लोकांचा इश्वास बसावा म्हणून. गुण बाबाचाच. मी बघितलीत माणसं उठून चालत गेलेली. आणि तिथं मला लोक पाया पडतात. इथं मी मुताची भांडी धुतो. तुम्ही दोघं खडे मोजता, वहीत लिव्हता, अन् मी भांडी धुतो."

"चाचांच्या पायाखाली चार दिवस बसला होतास तू," द्वारकाबाई म्हणाली. "त्यांनी तुझा जीव झाकला. तू त्यांच्या दंडाला माझा बाप बांधून त्यांना मरायला घरी पाठवलंस."

सांडूनं तोंड झाकून घेतलं. तिला दया आली नाही. यावी असं फार वाटलं, पण नाहीच आली.

"उद्याच्या गुरुवारचा खडा दिलास?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. व्हय.

"शिंगात कसा राहतो तो?"

"मेणानं. आतल्या बाकात चिकटवतात. थंड पाण्यानं मेण घट्ट होतं, कढत पाण्यानं सुटतं."

*

"भावाचं नाव घेऊ नका वाटल्यास," गुरुवारी सकाळी तात्यासाहेब टांग्यात म्हणाले. त्यांच्या मांडीवर कपाटातला लाकडी ट्रे होता, त्यात नंबर घातलेली अर्धुकं. "कारस्थान उघडं पडलं म्हणजे पुरे."

द्वारकाबाईनं मुठीतलं चौतीस नंबरचं अर्धुक ट्रेमध्ये ठेवलं. शेजारी बुरखा सावरत सगीराचाची बसल्या होत्या. चाचा अजून तापात होते, पण त्यांनीच बायकोला पाठवलं होतं.

चटईवर त्या दिवशी पिशोरचा कडूबाच होता. दंडाला पहिली चकती तशीच, आणि दुखणं परत आलेलं. "बाबा म्हणतात एक राहिलाय आत," तो शेजारच्याला सांगत होता. बाबांनी थंड पाणी शिंगातून सोडून दाखवलं आणि शिंग पोटावर टेकवायला ते वाकले.

"बाबा, जरा थांबा," द्वारकाबाई पुढे झाली. "मी दवाखान्यातली नर्स. आम्ही प्रत्येक हत्यार आधी कढत पाण्यानं धुतो. आज तुमचं शिंगही आधी कढत पाण्यानं धुऊ द्या. मग खुशाल ओढा."

"शिंगाला आधी गरम चालत नाही. कोप होतो," बाबा म्हणाले.

"शेवटी तर गरमच घालता की," गर्दीतून एक म्हातारी बोलली. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं, सरळ शंका होती. "मग आधी घातल्यानं काय व्हतंय?"

दोनचार माना हलल्या. बाबांनी डोळे मिटले, मालिकला साद घातली, कळिकाळाचा दाखला दिला. त्यांचे डोळे मिटलेले आहेत तोवर सगीराचाचींनी किटली उचलली. शिंग बाबांच्या हातातच होतं, रुंद तोंड वर. चाचींनी काठोकाठ पाणी ओतलं. पोळलं म्हणून बाबांनी हात झटकला, आणि शिंग परातीत पडलं.

टण्ण.

कडूबा चटईवरून मान उचलून बघत राहिला. शिंग अजून त्याच्या पोटाला लागलंही नव्हतं.

"हा कुणाच्या पोटातला?" तात्यासाहेबांनी शांतपणे विचारलं. खडा उचलून त्यांनी मेण पुसलं, ट्रेमधली अर्धुकं एकेक करून लावून बघितली आणि एका जागी थांबले. "सत्तर नंबर. गेल्याच आठवड्यात वैजापूरच्या माणसाच्या पोटातून मी कापून काढलेला. कडूबा, तुमच्या दंडावरचा खडा मी मागं अर्धाच बघितला आणि अर्धंच बोललो. चूक माझी. आज चकती काढाल का?"

"परत उगवंल पोटात."

"तो पोटातून गेलेलाच नाही, म्हणून तर आज परत आलात."

कडूबानं दात लावून लाल कापडाची गाठ सोडली. त्याचं अर्धुक एकोणपन्नास नंबरला बसलं. मग एक बाई पुढे आली, मग एक म्हातारा. प्रत्येकाला डॉक्टर ट्रे देत आणि म्हणत, मी नाही लावणार, तुम्हीच लावून बघा.

"पण हे बाबाकडं आलं कुठून?" कुणीतरी विचारलं. बाबा तोवर छपरामागच्या चिंचेआडून बांधाकडे निघाले होते, पण लोकांना आता बाबांपेक्षा याचं उत्तर हवं होतं.

तात्यासाहेबांनी द्वारकाबाईकडे बघितलं. ती ट्रेजवळ आली.

"माझ्या भावानं दिले," ती म्हणाली. "सांडू बद्रीनाथ. आमच्या दवाखान्यातला ड्रेसर. त्याला मीच नोकरीला लावला. आणि हे चौतीस नंबर माझ्या वडलांचं. अस्थींतून काढून त्यानं करीमचाचांच्या दंडाला बांधायला दिलं. चाचा दवाखान्यात अंथरुणाला खिळलेत. तुम्ही माझं ऐकून बाबाला सोडा, असं मी म्हणत नाही. कुणाचंच नुसतं ऐकू नका. माझं नको, डॉक्टरांचं नको. मी पण सख्ख्या भावाचं ऐकलं होतं, पाणी लई संथ होतं म्हणून. जे सांगतात ते जोडून बघा. बसतं का बघा. आधी गरम पाणी घालून बघा."

*

पुढच्या गुरुवारी पत्र्याच्या छपरात कुणी नव्हतं. शिंगीबाबा कुठल्या दिशेला गेले ते कळलं नाही. गावं पुष्कळ आहेत आणि म्हशींना शिंगंही पुष्कळ येतात. चारदोन माणसं अजून सांगतात, की नर्सनं मूठ मारली म्हणून बाबांचा इलम गेला. सांडू अंगणातलं बोलणं झालं त्या बुधवारीच गेला, मनमाडकडे म्हणे. त्यानं पत्र पाठवलं नाही आणि द्वारकाबाईनं वाट बघितली नाही, असं ती सांगते.

करीमचाचा वाचले. पण कोंडलेल्या लघवीनं एक मूत्रपिंड निकामी झालं होतं, आणि मागाच्या खड्ड्यात उतरून बसायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली. टाके काढायच्या दिवशी द्वारकाबाईनं त्यांच्या खड्याचं अर्धुक पुडीत बांधून त्यांच्यापुढे धरलं. नंबर एकाहत्तर.

चाचांनी पुडी हातात घेतली नाही. "तुम्हीच रख लो, बेटी. दोनों आधे अलमारी में रखो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोगां पूछते, करीम, तू बाबा के भरोसे कायकू गया. मैं बाबाकू पहचानता भी नहीं था. मैं तो सांडू के भरोसे गया."

द्वारकाबाईनं पुडी पदराच्या टोकाला बांधली. ती त्यांच्या पायांशी बसून राहिली.

तात्यासाहेबांनी तिला चौतीस नंबरची दोन्ही अर्धुकं देऊ केली, पैठणला सोडून या म्हणून. तिनं घेतली नाहीत. ती कपाटातच आहेत. ऑपरेशनला भिऊन कुणी कुजबुजत विचारलं, की अमुक गावचा तमुक बाबा न कापता काढतो म्हणतात, तर ती वाद घालत नाही. कपाट उघडते, दोन तुकडे त्याच्या हातावर ठेवते आणि म्हणते, "हे माझ्या वडलांचं. मी सांगते म्हणून मानू नका. जोडून बघा."